बैलाला आवतन, माणसाला खाडा

मोताळ्याच्या बाजारात घुंगरमाळा टांगलेल्या दिसल्या की लोकांना आनंद होतो. मला राग येतो. परवा तसंच झालं. सोयाबीनवर फवारायचं औषध आणायला गेलो होतो, तर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पोळ्याचं सगळं सामान मांडलेलं. लाल-पिवळे गोंडे, वेसणी, कासरे, शिंगांना लावायचा बेगड. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "या न भाऊ, औंदा नवी माळ घ्या." मी काही न घेता गाडी वळवली. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वीचा श्रावण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि पोळा जवळ आला की तो सगळाच्या सगळा परत येतो.

मी देऊळघाटला राहतो आणि नेदरलँडसाठी राबतो. गावात हे सांगितलं की लोक हसतात. पण खरंच तसं आहे. पुण्यातली एक कंपनी मला पगार देते, तिला तिकडची एक मोठी दुकानवाली कंपनी काम देते, आणि त्या दुकानांच्या संगणकात काही बिघडलं की ते मी माझ्या घराच्या मधल्या खोलीत बसून दुरुस्त करतो. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप पाठीला लावून पुण्याहून आलो तो इथेच राहिलो. आईला वाटलं, पोरगा घरी आला. मलाही तसंच वाटलं होतं. घरी असणं आणि घरात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला तो श्रावण यावा लागला.

तिकडे ऑगस्टात देशच्या देश सुट्टीवर जातो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी यानला मेल केला. यान म्हणजे तिकडचा आमचा प्रमुख, उंच, शांत, हळू बोलणारा माणूस. क्षणात उत्तर आलं, आपोआप आलेलं. मी सुट्टीवर आहे, अमुक तारखेला परत येईन, तोवर हा मेल कोणी वाचणार नाही. बस. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माफी नाही, कारण नाही, 'गरज पडल्यास फोन करा' नाही. मला तो माणूस उद्धट वाटला. आमच्याकडे सुट्टीचा मेल लिहायचा म्हणजे आधी घरातलं एखादं माणूस आजारी पाडावं लागतं. मग दिलगिरी, मग विनंती, आणि शेवटी ठरलेलं वाक्य की मी फोनवर सदैव उपलब्ध असेन. सुट्टी घेणाराच हात जोडून उभा. माझ्या एका मित्राची आजी अशा मेलांमधून इतक्यांदा वारली, की ती खरोखर गेली तेव्हा त्याला साहेबाकडे तोंड उघडायची चोरी झाली.

हळूहळू यानकडून एकेक कळत गेलं. त्यांच्याकडे वर्षाला किमान चार आठवडे पगारी सुट्टी कायद्यानेच आहे. शिवाय पगाराव्यतिरिक्त सुट्टीसाठी म्हणून वेगळे पैसे मिळतात, साधारण मे महिन्यात. सुट्टीवर जायला वर पैसे! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कायच्या काय सांगतं." एका वर्षी यान सुट्टीत तापाने आडवा झाला, तर परत आल्यावर तापाचे दिवस त्याच्या खात्यात पुन्हा जमा. मी तोंडात बोट घातलं. तो साधेपणाने म्हणाला, "ते दिवस मी आजारी होतो. सुट्टीवर कुठे होतो?" आमच्या कंपनीत उलटा नियम. शुक्रवारी आणि सोमवारी सुट्टी घेतली की मधले शनिवार-रविवारही सुट्टीत धरतात. याला सँडविच म्हणतात, आणि त्यातलं सारण आम्ही.

म्हणजे सगळे गोरे सुखात लोळतात असं मी म्हणत नाही. त्याआधी मी एका अमेरिकन कंपनीचं काम करायचो. त्या देशात कायद्याने एक दिवसही पगारी सुट्टी नाही म्हणतात. तिथली एक बाई बाळंतपणानंतर लगेच मीटिंगला हजर झाली होती. मागे बाळ रडत होतं आणि ती आमच्याशी हसून बोलत होती. आमचे पुण्याचे साहेब नंतर म्हणाले, "याला म्हणतात कमिटमेंट." घ्यायचं ते नेमकं तिथून घेतलं आम्ही.

आणि गंमत अशी की सुट्टी म्हणजे काय, हे आमच्या गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फक्त ते बैलासाठी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकतात, वर्षभर जू घासून घट्टे पडलेल्या जागी हळद-तूप चोळतात, आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. आवतन म्हणतात त्याला. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाला अहो-जाहो! दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही, पाठीवर चाबूक नाही. आंघोळ, झूल, शिंगांना रंग, दारात पाय धुऊन ओवाळणं आणि पुरणपोळी. तुपाने ओला झालेला त्या खांद्याचा वास, त्यात मिसळलेला गोठ्याचा आणि ओल्या मातीचा वास मला अजून येतो. बैलाला कोणी विचारत नाही की सुट्टी कशाला पाहिजे. तो दमला आहे एवढं कारण पुरतं.

पण त्या थाटामागे सुखदेवकाका असायचे. ते आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राबणारे. बौद्धवाड्यात त्यांचं घर. पोळ्याच्या दिवशी उजाडायच्या आत ते बैलांना नदीवर न्यायचे, घासूनपुसून आणायचे, शिंगं रंगवायचे, संध्याकाळी तोरणाखाली धरून उभे राहायचे, मग कडबा टाकायचे. दुसऱ्या दिवशी कर. करीला शेतात कोणी पाय ठेवत नाही, पण शेण करीच्या दिवशीही पडतं, म्हणून काका हजर. लहानपणी मी वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं होतं, काकांचा पोळा कधी असतो? आबा मोठ्याने हसले. "सालदाराचा कायचा पोळा बे? त्याले नवं धोतर देलं न." काकांची मुलगी तापाने फणफणली आणि ते आले नाहीत, तर तो खाडा धरला जायचा. आबा दुष्ट नव्हते. काकांना जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. पण माझ्या बापाला बैलाचा शीण दिसायचा आणि माणसाचा दिसायचा नाही. हे मी रागात लिहितोय, आणि राग उतरल्यावरही खोडणार नाही.

त्या श्रावणात आबांना लकवा मारला. सकाळी गोठ्यातच. सुखदेवकाकांनी आरोळी दिली, मी धावलो. आबा कडब्यावर पडलेले, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात अंगाखाली अडकलेला. काका आता सालदार नाहीत, रोजाने येतात, पण गोठा त्यांच्याच हातचा. आम्ही दोघांनी आबांना उचलून बुलढाण्याला नेलं. वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. जीभही हळूहळू सुटली. पाय ओढत का होईना चालायला लागले. हात मात्र तसाच राहिला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सुरुवातीचे दिवस सोन्याचे समजा. रोज इथं व्यायामाला आणा, घरीही दिवसातून अनेकदा करून घ्या. हात परत आला तर या दिवसांतच येईल. नंतर फार काही होत नाही." इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मला कळलंच नाही असं म्हणायची सोय नव्हती.

माझ्या सुट्ट्या शिल्लक होत्या. भरपूर होत्या. वर्षअखेरीला त्या दरवर्षी वाया जायच्या. मी साहेबांना फोन केला, महिन्याभराची मागितली.

"महिना?" साहेब म्हणाले. "अरे यान सुट्टीवर, त्याचे निम्मे लोक सुट्टीवर. त्यांचं पण आपल्यालाच बघायचंय. क्लायंटला काय तोंड दाखवू मी?"

"सर, वडिलांना लकवा मारलाय."

"हो रे, वाईटच झालं. एखादा कागद असेल तर टाक ग्रुपवर, म्हणजे मला वर दाखवता येईल."

आणि मी टाकला. कागद तर टाकलाच, वर दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या आबांचा फोटोही टाकला. जन्मात सदऱ्याची गुंडी उघडी ठेवून दारात न आलेला माझा बाप, उघड्या अंगाचा, नाकात नळी, मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. कोणी सांगितलं नव्हतं फोटो टाकायला. पण सुट्टी मागायची तर आधी दुःख सिद्ध करावं लागतं, हे आमच्या अंगातच मुरलंय. लोकांनी हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली. मग साहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, मी विचार केला. तू तर घरीच आहेस ना? मग सुट्टी कशाला वाया घालवतोस? काम करता करता मधे बघत जा वडिलांकडे. दोन्ही होईल."

घरीच आहेस ना! या शब्दांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं शिव्यांनी केलं नसतं. मी पुण्यात असतो तर रजा टाकून, भांडून, गाडीत बसून आलो असतो. मी घरी होतो म्हणून मला घरी जायला सुट्टी नव्हती.

तुम्ही म्हणाल, नोकरी सोडायची, लाथ मारायची. ज्यांनी कंपनीच्या विम्याच्या कार्डावर बापाला दवाखान्यातून सोडवून आणलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं.

तर तो श्रावण असा गेला. बाहेर रिपरिप पाऊस, कौलांवरून पाणी, मूग तोडायला निघालेल्या बायांची बोलणी. आत मी, कानावर हेडफोन, सकाळी साडेसहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. माझं नेहमीचं काम, वर सुट्टीवर गेलेल्यांचं. पलीकडच्या खोलीत आबा. डॉक्टरांनी हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. बोटं वळायची नाहीत, चेंडू सुटायचा. टप्. आई वाकून उचलायची, पुन्हा हातात द्यायची. टप्. हेडफोनमधूनही तो आवाज मला यायचा. आमच्याकडे एक म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी दळत होतो. एकदा तो चेंडू गडगडत माझ्या टेबलाखाली आला. समोर पडद्यावर आठ-दहा चेहरे होते. उठायची सोय नव्हती, म्हणून मी तो पायाने परत लोटला. बापाच्या हातातला चेंडू.

बुलढाण्याला आबांना आई ऑटोने न्यायची. ऑटोत चढवायचं, उतरवायचं, जिने चढवायचे. सोनाळ्याहून बहीण आठवडाभर येऊन राहिली, तिचीही मुलं-घर, ती गेली. मग एक दिवस आईच्याच कमरेत चमक भरली आणि दवाखान्यात जाणं बंद पडलं. आई भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "तुया साहेबाले माय-बाप नाईत का रे?" मी म्हटलं, आहेत. "मंग?" हेडफोनमध्ये कोणीतरी माझं नाव घेत होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी बैलजोडी अंगणात आणली. आबांना खुर्चीवर बसवलं. दरवर्षी बैलांचे खांदे आबाच चोळत. त्यांनी खिडकीतून मला हाक मारली. "पम्या, ये बे, हात धर मावा. मले बैलाचा खांदा मळाचा हाय." मी पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. मीटिंगमध्ये एका तातडीच्या अडचणीवर बोलणं चालू होतं. एका दुकानाच्या पावतीवर दुकानाचं नाव थोडं डावीकडे सरकून छापलं जात होतं. आणि सांगतो तुम्हाला, ते दुकान त्या आठवड्यात सुट्टीसाठी बंद होतं. बंद दुकानाची पावती सरळ करायला आम्ही सहा जण बसलो होतो. तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज माझ्या माइकमधून पुण्यापर्यंत गेला. साहेबांचा मेसेज आला, 'बॅकग्राउंडला खूप आवाज येतोय, म्यूट कर.' मी म्यूट केलं. खिडकीतून बघितलं तर सुखदेवकाकांनी आबांचा लुळा हात आपल्या हातात घेतला होता आणि ते तो बैलाच्या खांद्यावरून फिरवत होते. आबा खालच्या मानेने पुटपुटत होते, आज आवतन घ्या. ज्या माणसाला माझ्या बापाने कधी एका दिवसाची मोकळीक दिली नाही, तो माझी जागा भरून काढत होता. मला रडू आलं नाही. मला कोणाचं तरी नरडं दाबावंसं वाटलं. कोणाचं, ते ठरेना.

पोळ्यानंतर यान परत आला. उन्हाने लाल झालेला, ताजातवाना. कुठल्याशा तळ्याकाठी तंबू ठोकून महिनाभर राहिला होता. त्याने विचारलं, तुझा ऑगस्ट कसा गेला? मी सांगितलं.

यान म्हणाला, "पण तू काम का करत होतास?"

"तुम्ही सगळे सुट्टीवर होता म्हणून."

"पण ऑगस्टात आमच्याकडे काहीच हलत नाही. मी जाताना तुमच्या साहेबांना सांगितलं होतं, दुकान बंद पडेल असं काही झालं तरच बघा. बाकी सगळं सप्टेंबरपर्यंत थांबेल. वडिलांसाठी तुला कोण नाही म्हणालं?"

तोवर माझा राग त्या तंबूवर होता, त्या तळ्यावर होता. मला वाटायचं, यांच्या सुट्ट्या आमच्या पाठीवर उभ्या आहेत. तसं असतं तर बरं झालं असतं, शिव्या घालायला परका माणूस मिळाला असता. यानने काही मागितलंच नव्हतं. आमच्याच माणसांनी ते न मागता, ओंजळ भरून, वाकून दिलं होतं. राजापेक्षा राजनिष्ठ! मी तसाच साहेबांना फोन लावला.

"अरे, ते म्हणतात तसं," साहेब म्हणाले. त्यांना काही लपवावंसंही वाटलं नाही. "पण ते नाही म्हणत असताना आपण करून दाखवतो, म्हणून तर काम आपल्याकडे येतं. आणि मी काय वेगळा आहे का? मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. विचार कोणालाही."

त्यांचा आवाज अभिमानाने फुलला होता. मी त्या माणसाशी काय भांडणार होतो? त्याच्या गळ्यातलं जू त्याला हार वाटत होतं.

पुढे कंपनीने काम आणि घर यांचा समतोल कसा साधावा यावर एक व्याख्यान ठेवलं. रविवारी सकाळी. हजेरी सक्तीची. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे झोपाही सुट्टीच्या दिवशी बांधून घेतला. आईची कंबर बरी झाल्यावर आबांना पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांची बोटं उघडून पाहिली आणि सोडली. ती मिटून गेली. "आता जेवढं आहे तेवढंच," ते म्हणाले. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

यंदा श्रावण लागला आणि मी सुट्टीचा मेल केला. दोनच ओळी. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत मी सुट्टीवर आहे. फोन बंद असेल. लगेच साहेबांचा फोन.

"कारण लिहिलं नाहीस."

"कारण नाही, सर."

"नाही म्हणजे? काही अडचण आहे का घरी?"

"अडचण नाही. सुट्टी आहे."

"असं कसं? क्लायंटने विचारलं तर काय सांगू?"

"क्लायंट सुट्टीवर आहे, सर."

साहेब म्हणाले, "बघू, वर विचारावं लागेल." वर्षअखेरीला पगारवाढ ठरताना हे माझ्या अंगावर येणार हे मला ठाऊक आहे. येऊ दे.

आज त्या सुट्टीचा पहिला दिवस. लॅपटॉप पेटीत घालून कपाटात टाकला. आबांच्या खाटेवर त्यांच्याजवळ बसलो, त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करायला लागलो. उपयोग नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. तरी त्यांनी हात काढून घेतला नाही. पाऊस पडून गेला होता. आई परसात आंबाडीची पानं खुडत होती. बराच वेळ ते माझ्याकडे नुसते बघत होते. दिवसा, हेडफोनशिवाय, मी असा शेजारी बसलेला त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिला नसावा.

"आज काम नाई का?" त्यांनी विचारलं. जीभ अजून थोडी जड आहे.

"सुट्टी घेतली, आबा."

"सुट्टी?" ते एकदम खाटेवर सावरून बसायला लागले. चेहरा घाबरलेला. "काऊन रे? कोन मेलं?"

"कोणी नाही मेलं, आबा. अशीच घेतली."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मान वळवून परसाकडे पाहिलं आणि आईला हाक मारली, ती ओ देईपर्यंत मारत राहिले.